तानूबाईचा वाकडा

महाळुंगे पडवळच्या शिवारात, ओढ्याच्या वरच्या अंगाला बिरदेवाचं घर आहे. बिरदेव जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी लोक घराला अजून त्याच्याच नावानं ओळखतात. चालवत होती ते घर त्याची बायको तानूबाई. एके काळी त्यांचा मेंढरांचा मोठा वाडा, म्हणजे कळप आणि फिरतं बिऱ्हाड, होता. दिवाळी झाली की तो घाट उतरून कोकणात जायचा आणि वळवाच्या आधी परत वर यायचा. ही गोष्ट सुरू झाली दोन हजार चार साली. तोवर कोकणात जाणं कधीच बंद झालं होतं. थोड्या जमिनीत बटाटा आणि कांदा निघायचा. एकुलता एक मुलगा सोमनाथ हंगामात पारगावच्या कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर असायचा. तरी वीस-पंचवीस मेंढरं तानूबाईनं दारात राखलीच होती. बिबट्यांचा सुळसुळाट झाल्यापासून ती सांभाळणं जिकिरीचं होतं, पण ती विकायचा विषय तिच्यासमोर काढायची कुणाची छाती नव्हती.

नवरा गेल्यापासून तानूबाईच्या गळ्यात एकच दागिना राहिला होता. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक तुकडा. घरात सगळे त्याला ‘वाकडा’ म्हणत, आणि तो होताही तसाच. गोल नाही, चौकोनी नाही, भाकरीच्या कडेचा तुकडा मोडावा तसा वेडावाकडा. एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ. एका अंगावर मोठी फुली आणि फुलीच्या चार घरांत पुसट आकृत्या. दुसऱ्या अंगावर दोन खांब आणि थोडी अक्षरं, त्यातली निम्मी कडेवरून बाहेर पडलेली. वरच्या बाजूला दोरा ओवायला भोक. बिरदेवाच्या कुणा खापरपणज्यानं कोकणात खाडीकाठच्या शेतात मेंढरं बसवली आणि खतावलेल्या शेताच्या मोबदल्यात खोतानं भाताऐवजी हा तुकडा हातावर ठेवला, एवढंच घरात ठाऊक होतं. फुली कसली, खांब कसले, याची चौकशी कुणी केली नव्हती.

हा वाकडा सुनेला लग्नात मिळत नसे. तानूबाई नवी नवरी होती तेव्हा एका साली माळशेजच्या चढणीला बिरदेव तापानं फणफणला. सासरा दुसऱ्या वाड्याबरोबर पुढे निघून गेला होता. तानूबाईनं नवऱ्याला घोड्यावर दोरानं बांधलं, नुकती जन्मलेली कोकरं पाटीत घालून डोक्यावर घेतली आणि सगळा कळप एकटीनं वर आणला. सासू वाट बघत उभी होती. तिनं आपल्या गळ्यातला दोरा काढला आणि सुनेच्या गळ्यात घातला. तेव्हापासून तो तिथंच होता.

त्या वर्षी आषाढात हौशीराम वस्तीवर आला. हा गडी मूळचा ओतूरकडचा, पण पुण्यात त्याचं जुन्या नाण्यांचं आणि पितळी मूर्तींचं दुकान होतं. मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचा, म्हाताऱ्या बायकांची जुनी चांदी घ्यायचा आणि बदल्यात नवी द्यायचा. बोलायला एकदम गोड. मावशी म्हणून त्यानं पाणी मागितलं. तानूबाई तांब्या द्यायला वाकली, वाकडा पुढे लोंबला आणि हौशीरामाचा तांब्याकडे गेलेला हात हवेतच राहिला.

आधी तो म्हणाला, तेवढ्याच वजनाची नवीकोरी चांदी देतो. मग दुप्पट वजनाची म्हणाला. मग त्यात पैंजणांचा जोड घातला. तानूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि रिकामा तांब्या त्याच्या हातातून घेत म्हणाली, “पाणी पिऊन झालं न्हवं? मग लाग वाटंला.”

तो हसत गेला. पण असल्या माणसांना एका दारातून हाकललं की ती दुसरं दार शोधतात. हौशीरामाला ते दार कारखान्याच्या फाटकापाशी सापडलं. उसाची ट्रॉली रिकामी व्हायची वाट बघत ट्रॅक्टरवाले तिथं तासन्‌तास बसलेले असत. हौशीराम सोमनाथला चहा पाजू लागला, त्याच्या जुनाट मोटारसायकलीला हसू लागला. तुझ्या आईच्या गळ्यात आहे ते कुठलं तरी परदेशी नाणं दिसतंय, म्हणाला. विकू नको म्हणाला. फक्त एक दिवस दे, फोटो काढतो, वजन करतो, आणि आहे तसं परत देतो. सोमनाथ वाईट नव्हता. त्याला फक्त असं वाटत आलं होतं की आपल्या घरातली कुठलीच गोष्ट आपल्याला विचारून होत नाही.

मार्गशीर्षात मंचरला डोळ्यांचं शिबिर होतं. तानूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता. उजव्या डोळ्यातला आधी काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधी नर्सबाईनं गळ्यातलं काढून घरच्यांकडे द्यायला सांगितलं. तानूबाईनं वाकडा सोमनाथच्या मुठीत दिला आणि मूठ आपल्या हातांनी बंद केली.

घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा तोच मागितला. सोमनाथ म्हणाला, दोरा कुजलाय, नवा ओवून आणतो. दोन दिवसांनी त्यानं नव्या दोऱ्यात ओवलेला तुकडा आईच्या तळहातावर ठेवला. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याला धुकं. तिनं तो बघितलाच नाही. अंगठ्यानं चाचपला, उलटा केला, पुन्हा चाचपला.

“ह्यो आपला न्हाई,” ती म्हणाली.

सोमनाथ चिडला. तोच आहे म्हणाला, तेच भोक, तीच फुली. शेजारपाजारच्या बायका आल्या, त्यांनी हातात घेऊन बघितला आणि तोच आहे म्हणून सांगितलं. डोळ्याचं औषध लई गरम असतं, माणसाला भास होतात, असंही कुणी बोललं. तानूबाईनं कुणाशी वाद घातला नाही. पट्टी निघाल्यावरही तिचं म्हणणं तेच राहिलं.

तिची सून भागू हे सगळं चुलीपाशी बसून ऐकत होती. भागू कमी बोलणारी. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण सासू आणि नवरा यांच्या मध्ये पडायचं नाही हे तिनं पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. त्या रविवारी ती सासूच्या डोक्याला तेल लावायला बसली. तेल लावून झालं, वेणी घालून झाली, आणि तिचे हात थांबले. वाकड्याला एका अंगाला बारीक टोक होतं. दर वेळी दोरा मागे सरकून मानेवरचे केस त्यात अडकायचे, दर वेळी तानूबाई ‘हळू की गं’ म्हणायची. आज एकही केस अडकला नव्हता.

सोमनाथ उंबऱ्यावर बसून जेवत होता. भागूनं त्याच्याकडे बघून सरळ सांगितलं, “आत्या खरं बोलत्यात. ह्ये दुसरं हाय.”

आईचं म्हणणं डोळ्यांवर ढकलता येत होतं. बायकोचे डोळे शाबूत होते. सोमनाथनं ताट बाजूला सारलं आणि हळूहळू सगळं सांगितलं. एक रात्र फक्त दिला होता. हौशीरामानं परत आणून दिला, त्यानं बघून घेतला, अगदी तसाच होता. एवढं सांगून तो लगेच म्हणाला की माणूस तसला नाही, कार्ड दिलंय त्यानं, मी फोन करतो. त्यानं फोन केला. पलीकडून हौशीराम मोठ्यानं हसला आणि म्हणाला, आईला पुन्हा डोळे दाखवून आण. ते हसणं घरात सगळ्यांना ऐकू गेलं.

तानूबाई पोलीस चौकीत गेली. हवालदारानं पावती आहे का विचारलं, मग हातातला तुकडा बघून म्हणाला, चोरीला गेलाय म्हणता आणि गळ्यात तर आहे. चौकीतले सगळे हसले. ती बाहेर आली. कुणाला वाटलं असतं की आता तो खोटा तुकडा ती ओढ्यात भिरकावून देईल. तिनं उलट केलं. तो गळ्यात घातला आणि पदराबाहेर काढला. बाजारात, लग्नात, दळणाच्या रांगेत, जो बघेल त्याला ती न विचारता सांगू लागली की हा खोटा आहे, माझा खरा हौशीरामानं नेलाय आणि माझ्या लेकानं दिलाय. लोक चोरून हसत. सोमनाथला गावातून जाणं नकोसं झालं. एकदा तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “आये, आता पुरे कर. लोकं येडी म्हंत्यात तुला.”

“म्हनू दे,” तानूबाई म्हणाली. “म्हनून थकतील. मी न्हाई थकायची.”

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी भागूनं नवऱ्याचा सदरा धुवायला घेतला आणि खिशातलं ते कार्ड सासूसमोर ठेवलं. कारखान्याचा हंगाम चालू होता, सोमनाथ दोन दिवस घरी येणार नव्हता. दोघींनी मेंढरं शेजारच्या जानकूवर सोपवली, भाकरी बांधून घेतल्या आणि मंचरच्या स्टँडवर पुण्याची एस.टी. धरली. भागू याआधी पुण्याला एकदाच गेली होती, तीही दवाखान्यात. तानूबाई कधीच गेली नव्हती.

शिवाजीनगरपासून विचारत विचारत त्या पेठेतल्या दुकानापाशी पोचल्या तर दुकानाला कुलूप. शेजारच्या बोहऱ्याच्या दुकानात चौकशी केली. तो म्हणाला, हौशीराम आज नाण्यांच्या प्रदर्शनात टेबल लावून बसलाय, अमक्या हॉलवर. भागूला तिथूनच परत फिरावंसं वाटत होतं. तिनं सासूकडे बघितलं तर सासू चालायला लागलेली.

हॉलच्या दारात तिकीट होतं. भागूनं कमरेच्या पिशवीतून पैसे काढले. आत पंख्यांची घरघर आणि टेबलांच्या लांबलचक रांगा. काचेखाली नाणी मांडलेली. इस्त्रीच्या कपड्यांतले लोक भिंगं घेऊन वाकलेले. नऊवारी नेसलेल्या, पायात वहाणा, डोक्यावर पदर घेतलेल्या या दोघी आत शिरल्या तेव्हा एक-दोघांनी माना वर केल्या. तानूबाई कुणाकडे न बघता एकेका टेबलापाशी थांबत चालली. उजवा डोळा आता लख्ख झाला होता. तिला हौशीराम दिसायच्या आधी वाकडा दिसला. निळ्या मखमलीवर, एका छोट्या काचेच्या डबीत.

पण त्याला भोक नव्हतं.

भागूनं सासूच्या दंडाला धरलं. तानूबाई काचेवर वाकली. तेच टोक, तेच खांब, तीच कडेवरून घसरलेली अक्षरं. भोक मात्र नाही. हौशीरामानं दोघींना ओळखलं होतं. आधी त्याचा चेहरा उतरला, मग सावरला. बसायला खुर्ची दिली, चहा सांगतो म्हणाला.

“माजं मला दे,” तानूबाई म्हणाली.

हौशीराम आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं समजुतीच्या सुरात बोलू लागला. मावशीचं तर तिच्या गळ्यात आहे. तिच्याला भोक आहे, माझ्याला नाही. अशी नाणी हजारांनी होती, जसे रुपये सगळे सारखे असतात तशी हीसुद्धा सारखीच. हे मी सुरतेच्या एका जुन्या घराण्याकडून घेतलंय. म्हाताऱ्या माणसाचा गैरसमज होतो, काय करणार.

तानूबाईनं खुर्ची बाजूला केली. त्या टेबलासमोर, गुळगुळीत फरशीवर तिनं बैठक मारली आणि भागूला शेजारी बसायला सांगितलं. भागू बसली.

“मी उठायची न्हाई,” तानूबाई म्हणाली. “पोलीस बोलाव, न्हाईतर तुजा मालक बोलाव. इथनं मला उचलून न्यावं लागंल.”

लोक जमू लागले. कुणी दरवाज्यावरच्या माणसाला बोलावलं, तो आला आणि दोन बायकांना हात कसा लावायचा म्हणून तसाच उभा राहिला. शेवटी प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे भगवंतराव आले. सत्तरीचे, कानाला यंत्र, खिशात भिंग. आयुष्यभर परदेशी नाण्यांचा अभ्यास केलेला हा माणूस. ते आधी वैतागलेलेच होते. दोन्ही बाजू ऐकून घेताना हौशीरामाचं ‘रुपयासारखी सगळी सारखी’ हे वाक्य आलं आणि त्यांनी त्याला तिथंच थांबवलं. पुन्हा म्हणा, म्हणाले. हौशीरामानं डबी स्वतःकडे ओढली.

भगवंतराव तानूबाईसमोर उकिडवे बसले. “आजी, तुमच्या गळ्यातलं जरा दाखवता?”

तिनं दोरा काढून दिला. त्यांनी डबीतलं नाणंही मागून घेतलं. हौशीरामानं द्यायला वेळ लावला, पण आता एवढे लोक बघत होते. भगवंतरावांनी दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवली, भिंग लावलं, आणि दोन्हींच्या कडा आळीपाळीनं तपासल्या. मग उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगू लागले. हे स्पेनच्या राजाचं आठ रियालांचं नाणं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. यंत्रावर पडलेलं नाही. चांदीची कांब कापायची, तुकडा दोन ठशांच्या मध्ये धरायचा आणि वरून घण घालायचा. वजन जास्त भरलं तर कात्रीनं कड उडवायची. प्रत्येक घाव वेगळा, प्रत्येक काप वेगळा. म्हणून या जातीची दोन नाणी जगात कुठंही एकसारखी सापडत नाहीत.

“आणि ही दोन हुबेहूब आहेत,” ते म्हणाले. “टोकाला टोक, खांबाला खांब. म्हणजे यातलं एक दुसऱ्यावरून साचा काढून ओतलेलं आहे. आजींच्या गळ्यातलं ओतीव आहे, हे त्याच्या बोथट कडांवरून कुणीही सांगेल.”

हौशीराम लगेच म्हणाला की मग माझ्या नाण्यावरून कुणी साचा काढला असेल, त्यात माझा काय दोष.

भगवंतरावांनी मान हलवली. “या ओतीव तुकड्यातलं भोक मागून पाडलेलं नाही, साच्यातूनच आलंय. त्याअर्थी साचा काढला तेव्हा मूळ नाण्याला भोक होतं. तुमच्या नाण्याला ते कुठं गेलं?”

त्यांनी भिंग शेजारच्या माणसाच्या हातात दिलं. तो वाकून बघू लागला. मग दुसरा, मग तिसरा. जिथं भोक असायला हवं होतं तिथं चांदीचा एक बारीक गोल ठिपका होता, बाकीच्या अंगापेक्षा किंचित पांढरा. भोक चांदीनं भरून, डाग देऊन सांधून घासलेलं होतं. भोक पडलेल्या नाण्याला पूर्ण किंमत येत नाही, हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. दोघी सोडून.

हौशीरामाचा सूर आता खाली आला. तो तानूबाईजवळ वाकला आणि हलक्या आवाजात आकडा बोलला. मग मोठा आकडा बोलला. पोराला नवी मोटारसायकल येईल मावशी, म्हणाला. भागूला तो आकडा ऐकू गेला. तानूबाई फरशीवरून उठली. गुडघे धरले होते, भागूच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

“पैसं नगंत,” ती म्हणाली. “तू काय केलंस ते सांग. मला न्हाई, ह्या सगळ्यास्नी सांग. मोठ्यानं.”

भगवंतराव म्हणाले की सांगितलं नाही तर मंडळच पोलिसांत जाईल आणि साक्षही देईल. हौशीराम काहीतरी पुटपुटला.

“मोठ्यानं,” तानूबाई म्हणाली.

त्यानं सांगितलं. बाईच्या मुलाकडून फोटोला म्हणून घेतलं, साचा काढला, ओतीव परत दिलं. मखमलीकडे बघत सांगितलं, पण सांगितलं. मग त्यानं टेबल आवरायला घेतलं आणि त्याला कुणी मदत केली नाही.

भगवंतरावांनी खरा वाकडा तानूबाईच्या हातात ठेवला आणि दोघींना आपल्या खोलीत नेऊन चहा दिला. फुलीच्या घरांतल्या आकृत्या सिंहांच्या आणि किल्ल्यांच्या आहेत, हे त्यांनी भिंगातून दाखवलं. समुद्रापलीकडे चांदीचा एक डोंगर होता, तिथली चांदी जहाजांतून कोकणातल्या चौल बंदरापर्यंत यायची, हेही सांगितलं. तानूबाईनं विचारलं, तो डोंगर फोडला कुणी? राजानं?

“छे. तिथल्याच गरीब लोकांना धरून आणायचे,” भगवंतराव म्हणाले. “हजारो मेले त्यात.”

तानूबाई वाकड्याकडे बघत राहिली. “मंग राजाचं कशाला म्हनायचं त्याला,” ती म्हणाली.

निघताना भगवंतरावांनी एक गोष्ट बजावली. भोक बुजवलेलं आहे ते तसंच राहू द्या. पुन्हा पाडलंत तर किंमत निम्म्यावर येईल. आणि आणखी एकदा घाव बसला तर त्या बाजूला नाणं चिरेलही.

सोमवारी सोमनाथ घरी आला. तोवर बातमी त्याच्याआधी पोचली होती, आकड्यासकट. तो आईच्या पाया पडला, चुकलो म्हणाला, आणि पाणी प्यायच्या आधीच विकायची गोष्ट काढली. आता चोरी राहिली नव्हती, आता राजरोस विकता येणार होतं. भगवंतरावांच्या ओळखीनं चांगलं गिऱ्हाईक मिळेल. जुनी गाडी ढकलून ढकलून त्याची कंबर गेली होती. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तानूबाईनं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग तिनं भागूला विचारलं, “मंचरला येतीस का?”

मंचरच्या पेठेत सावळेराम सोनार बसतो. त्याला सगळी हकीकत ठाऊक होती. वाकडा हातात घेऊन तो कितीतरी वेळ फिरवत राहिला. म्हणाला, मावशी, कडी लावून देतो, कप्पा करून त्यात बसवतो, भोक कशाला. त्याला बाजूनं चिमटे लावता येतात. तानूबाई म्हणाली, भोकच पाड. जिथं व्हतं तिथंच. सोनारानं पुन्हा समजावलं, किंमत जाईल, फुटलं तर माझ्यावर येईल.

“तुज्यावर न्हाई येत. मी हाय,” ती म्हणाली. “ज्याला इकायचं न्हाई त्याला किमतीचं काय?”

सावळेरामानं गिरमिट लावलं. आवाज झाला तेव्हा भागूनं डोळे मिटले. डागाचा ठिपका सुटून खाली पडला, बारीक खड्याएवढा. वाकडा चिरला नाही. सोनारानं घाम पुसला आणि मजुरी घेतली नाही.

तानूबाईनं त्यात काळा दोरा ओवला. तो भागूच्या डोक्यावरून घातला आणि पदराखालून मानेमागची वेणी मोकळी करून दिली. भागू घाबरून म्हणाली, “आत्या, अजून तुमी हाय की.”

“हाय ना. म्हनूनच द्यायचा. मेल्यावर काय देनार?” तानूबाई म्हणाली. “फरशीवर माज्याशेजारी कोन बसलं व्हतं? आता ठेवायचा का इकायचा, तुजं तू ठरव. सोम्याला आन मला इचारू नगंस.”

भागूनं ठेवला. नवऱ्याला तिनं तसं एकदाच सांगितलं. सोमनाथ महिनाभर दोघींशी तुटक वागला. जेवताना मान वर करत नसे, मेंढरांना पाला आणायचं टाळत असे. पण गावात आता कुणी हसत नव्हतं, आणि कारखान्यावर तर हकीकत रंगवून रंगवून सांगितली जात होती. कुणीतरी त्याला, तूही गेला होतास ना, असं विचारलं असेल आणि त्यानं नाही म्हटलं नसेल. त्या हकिकतीत हळूहळू सोमनाथही पुण्याला जाऊ लागला.

चैत्रात मंचरच्या रविवारच्या बाजारात अवसरीची एक ओळखीची बाई भेटली. तानूबाई आणि भागू कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. सोमनाथ पोतं उतरवत होता. ती बाई कौतुकानं तानूबाईला म्हणाली, तुमच्या सोमनाथनं त्या पुण्याच्या शेठची गचांडी धरली म्हणे. असा लेक पाहिजे.

सोमनाथचे हात पोत्यावरच राहिले. भागूनं खाली बघितलं. गप्प राहिलं असतं तर सगळं गोडीत मिटलं असतं.

“न्हाई,” तानूबाई म्हणाली. “ह्यो नव्हता आला. मी आन माजी सून गेलो व्हतो. कुनी कुनाची गचांडी धरली न्हाई. आमी खाली बसलो, आन उठलो न्हाई. बस.”

ती बाई गोंधळून सोमनाथकडे बघू लागली. सोमनाथनं पोतं जमिनीवर टेकवलं. त्याचे कान लाल झाले होते.

“व्हय,” तो म्हणाला. “ह्या दोघीच गेल्या व्हत्या.”

त्या बाईनं दोन जुड्या घेतल्या आणि ती पुढे गेली. सोमनाथनं डोक्याचा टॉवेल काढून तोंड पुसलं. मग तो आईच्या शेजारी येऊन बसला आणि गिऱ्हाइकाला हाका मारू लागला.